पूर्वापरविरोध आणि बालकुमारांची अद्भुत कथामाला : ‘ओझ’च्या संहितेच्या निमित्ताने

आपल्याकडील संहिताचिकित्सेची परंपरा प्राधान्याने हस्तलिखितांभोवती वाढली. एकाच ओवीचे दोन पाठ समोर आले की लेखनिकाचा हस्तदोष, प्रक्षेप, स्मरणातून झालेला पालट अशा कारणांचा शोध घेण्याची आपल्याला सवय आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींचे शुद्धीकरण केले, तेव्हापासून दोषाचे उत्तरदायित्व मूळ ग्रंथकर्त्याकडे न जाता मधल्या हातांकडे जावे, हे गृहीतक आपल्या विचारात दृढ झाले आहे. परंतु मुद्रणयुगातील, एकाच लेखकाने वीसवीस वर्षे चालविलेल्या कथामालेत असा मधला हात सापडत नाही. पहिल्या पुस्तकात मेलेली व्यक्ती चौथ्यात बोलू लागली, तर तो विरोध ज्याचा त्याचाच असतो. मग त्याचे स्वरूप काय? तो केवळ अनवधान मानावा की त्यातून संहितेच्या घडणीविषयी काही हाती लागते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एल. फ्रँक बाउम या अमेरिकन लेखकाच्या ‘ओझ’ मालेच्या आधारे केला आहे.

‘पूर्वापरविरोध’ ही संज्ञा आपल्या शास्त्रचर्चेतील असून ती येथे हेतुतः वापरली आहे. ‘चूक’ म्हटले की सुधारणेचा प्रश्न तेवढा उरतो. ‘विरोध’ म्हटले की दोन विधाने समोरासमोर उभी राहतात आणि त्यांपैकी कोणते प्रमाण मानावे याचा निर्णय वाचकाला करावा लागतो. मीमांसकांनी अशा प्रसंगी एकवाक्यतेचा आग्रह धरला. बालवाचकही नेमका तोच धरतो. प्रौढ वाचक कादंबरीतील तारखेचा घोळ सहसा सोडून देतो. दहा वर्षांचे मूल सोडत नाही. एकच माला ते अनेकदा वाचते, क्रमाने वाचते आणि त्या जगाचे नियम पाठ करते. अद्भुतकथेत तर नियमांना अधिकच महत्त्व येते. वास्तववादी कथेतील उणीव वाचक आपल्या जगाच्या ज्ञानाने भरून काढतो, अद्भुतातील जगाला मात्र पुस्तकाबाहेरचा आधारच नसतो. कुत्रा बोलतो की नाही, हे तेथे लेखक सांगेल तेवढेच खरे.

सर्व विरोध सारख्या तोलाचे नसतात, हे आरंभीच नोंदविले पाहिजे. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील दोन उदाहरणे सर्वपरिचित आहेत. १९९७ च्या पहिल्या पुस्तकात निक नावाचे भूत आपण सुमारे चारशे वर्षे जेवलो नसल्याचे सांगते. १९९८ च्या दुसऱ्या पुस्तकात त्याचा पाचशेवा मृत्युदिन साजरा होतो आणि मृत्यूचे वर्ष १४९२ असे दिले जाते. २००० मध्ये आलेल्या चौथ्या पुस्तकात खलनायकाच्या कांडीतून त्याने मारलेल्यांच्या छाया उलट्या क्रमाने बाहेर पडतात. तेथे आईची छाया आधी यावयास हवी, कारण वडील आधी मारले गेले. आरंभीच्या मुद्रणात वडील आधी आले होते. दोन्ही ठिकाणी नंतरच्या मुद्रणात दुरुस्ती झाली. अशा दोषांचे वाङ्मयीन मूल्य फारसे नाही, मात्र त्यामुळे एकाच ग्रंथाचे दोन पाठ प्रचारात राहिले. या मालेचा मराठी अनुवादही उपलब्ध असल्याने, अनुवादाची मुळाशी तुलना करणाऱ्या अभ्यासकाने कोणते मुद्रण आधाराला घेतले हे पाहणे अगत्याचे ठरते, एवढे येथे पुरे.

‘ओझ’ची गोष्ट वेगळी आहे. तेथे दुरुस्ती झाली नाही. विरोध जागच्या जागी राहिले आणि पुढच्या पुस्तकांनी त्यांच्यावर नवी कथा रचली.

बाउमने १९०० मध्ये ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या मनात माला नव्हती. ते स्वयंपूर्ण पुस्तक होते : डोरोथी कॅन्ससहून येते, परत जाते, कथा संपते. मात्र १९०२ मध्ये शिकागोत त्यावर आधारित संगीत नाटक रंगभूमीवर आले, पुढील वर्षी न्यूयॉर्कला गेले आणि अतोनात लोकप्रिय झाले. दुसरे पुस्तक, ‘द मार्व्हलस लँड ऑफ ओझ’, १९०४ मध्ये निघाले. ते बाउमने बुजगावणे आणि पत्र्याचा लाकूडतोड्या या भूमिका गाजविणाऱ्या मॉन्टगोमेरी आणि स्टोन या नटद्वयाला अर्पण केले. पुढे १९०७ पासून १९१० पर्यंत दरवर्षी एक पुस्तक आले. १९१० मध्ये ओझचा बाहेरच्या जगाशी संबंध कायमचा तुटल्याचे सांगून बाउमने माला बंद केली. नव्या विषयांवरची ‘द सी फेअरीज’ (१९११) आणि ‘स्काय आयलंड’ (१९१२) ही पुस्तके तितकी खपली नाहीत. १९११ मध्ये त्याचे दिवाळे वाजले होते. १९१३ पासून ओझ पुन्हा सुरू झाले ते बाउमच्या १९१९ मधील मृत्यूपर्यंत. चौदावे पुस्तक १९२० मध्ये मरणोत्तर आले. हा तपशील देण्याचे कारण असे की, विरोधांचा उगम बहुतांशी येथेच आहे. बाउमने चौदा खंडांची एक कादंबरी लिहिली नाही. प्रत्येक वेळी त्याने एक पुस्तक लिहिले. माला वाचकांनी केली.

आता मुख्य विरोधाकडे वळू. पहिल्या पुस्तकातील जादूगार हा ओमाहाचा एक भोंदू पण भला माणूस आहे. फुग्यातून तो चुकून ओझमध्ये उतरतो, लोक त्याला थोर मांत्रिक समजतात, तो त्यांच्याकडून पाचूनगरी बांधून घेतो. त्याच्या आधी तेथे कोणी राजा असल्याचा निर्देश नाही. दुसऱ्या पुस्तकात मात्र नगरीचा पूर्वीचा राजा पास्टोरिया असल्याचे कळते. जादूगाराने त्याचे सिंहासन बळकावले आहे. इतकेच नव्हे, तर पास्टोरियाची तान्ही मुलगी ओझ्मा हिला त्याने मॉम्बी नावाच्या चेटकिणीच्या स्वाधीन केले, ती कोणाला सापडू नये अशी व्यवस्था करावयास सांगितले आणि मोबदल्यात आपल्या साऱ्या युक्त्या मॉम्बीला शिकविल्या. मॉम्बीने त्या बालिकेचे रूपांतर एका मुलात केले. तोच कथानायक टिप. ग्लिंडाच्या दप्तरात जादूगाराने मॉम्बीला गुप्तपणे दिलेल्या तीन भेटींची नोंद असते आणि तिच्या आधारे हा कबुलीजबाब वसूल होतो.

चौथ्या पुस्तकात (१९०८) जादूगार परत येतो. आता सिंहासनावर ओझ्मा आहे. जिला त्याने तान्हेपणी चेटकिणीला देऊन टाकले, तीच त्याचे स्वागत करते, त्याला राजवाड्यात आश्रय देते आणि स्वतःच्या घराण्याचा इतिहास ऐकविते. या इतिहासात जादूगाराचा दोष कोठेच नाही. चार दुष्ट चेटकिणींनी संगनमत करून तिच्या आजोबांचे राज्य घेतले. मॉम्बीने आधी आजोबांना, मग वडिलांना कैदेत ठेवले. ओझ्मा जन्मली आणि मॉम्बीनेच तिला मुलगा बनविले. जादूगार आला तो या घटनांच्या कडेने.

हा फरक एखाद्या नावाचा वा दिशेचा नाही. १९०४ च्या संहितेत एका बालकाविरुद्ध गुन्हा घडला आहे आणि गुन्हेगार कोण ते स्पष्ट आहे. १९०८ च्या संहितेत गुन्हा राहतो, गुन्हेगारांपैकी एक नाहीसा होतो. क्षमा केली असती तर ती कथा झाली असती, कदाचित मालेतील सर्वांत गंभीर कथा. येथे क्षमा नाही, कारण क्षमा करण्यासारखे काही घडलेच नाही असे संहिता आता म्हणते. बाउमच्या समीक्षेत या स्थळाकडे बहुधा विनोदाने पाहिले जाते. मला ते पटत नाही.

याचे कारण शोधता येते. पास्टोरिया हे पात्र मुळात पुस्तकातले नाहीच. ते १९०२ च्या नाटकातले आहे. तेथे जादूगार हा राज्य बळकावणारा आणि पास्टोरिया हा परतून आलेला राजा. नाट्यव्यवहाराची गरज म्हणून घडविलेले हे कथासूत्र बाउमने दुसऱ्या पुस्तकात उचलले. ते पुस्तकही रंगभूमीवर जाईल ही अपेक्षा त्याच्या रचनेत जागोजागी दिसते. म्हणजे दुसरे पुस्तक पहिल्या पुस्तकाला जोडलेले नसून नाटकाला जोडलेले आहे. उलट चौथे पुस्तक वाचकांच्या पत्रांना जोडलेले आहे. त्याच्या प्रस्तावनेत बाउम सांगतो की जादूगाराविषयी अधिक सांगा असा बालवाचकांचा आग्रह होता. मुलांना हवा होता तो पहिल्या पुस्तकातील भला भोंदू. सिंहासनचोर त्यांना नको होता, आणि सिंहासनचोराला ओझ्माच्या राजवाड्यात ठेवणे शक्यही नव्हते. तेव्हा दोन पूर्वसंहितांपैकी एक निवडणे भाग होते आणि बाउमने लोकप्रिय संहिता निवडली. या घटनेला विस्मरण म्हणणे अपुरे आहे. ही निवड आहे, फक्त तिची वाच्यता केलेली नाही.

तिसरा पाठ १९१८ च्या ‘द टिन वुडमन ऑफ ओझ’मध्ये येतो. तेथे ओझ हा पूर्वी सामान्य देश होता, ल्यूर्लिन या परीराणीने त्यावर मंत्र टाकून तो अद्भुत केला आणि आपल्यापैकी एका परीला राज्य करण्यास मागे ठेवले, असे सांगितले आहे. ओझ्मा अशा रीतीने परीकुळातील ठरते. पास्टोरियाची मुलगी, कैदेत जन्मलेली नात आणि ल्यूर्लिनची परी या तीन ओझ्मांची एकवाक्यता बाउमने केली नाही.

ल्यूर्लिनच्या मंत्राबरोबरच मृत्यूचाही प्रश्न उपस्थित होतो. मंत्र पडल्यापासून ओझमध्ये कोणी मेले नाही, म्हातारे म्हातारेच राहिले, पाळण्यातली बाळे पाळण्यातच, असे १९१८ मध्ये म्हटले आहे. परंतु १९०० मध्ये लाकूडतोड्या आपला बाप वारल्याचे आणि म्हाताऱ्या आईला ती जिवंत असेतो सांभाळल्याचे सांगतो. चेटकिणी मरतात, चाळीस लांडगे मारले जातात, आणि टिप तर तान्ह्याचा मुलगा होतो. पैशाचेही तसेच. पहिल्या पुस्तकात पाचूनगरीतील मुले हिरव्या पैशांनी हिरवे सरबत विकत घेतात. दुसऱ्यात नावाडी टिपकडे पैसे मागतो. १९०९ च्या पुस्तकात लाकूडतोड्याला ओझमध्ये पैसा असावा ही कल्पनाच हलकी वाटते आणि १९१० मध्ये त्या देशात पैसा नाही, म्हणून गरीबही नाहीत, असे ठामपणे सांगितले जाते. मंचकिनांचा देश पूर्वेस असल्याचे पहिले पुस्तक सांगते, तर १९१४ मध्ये छापलेल्या नकाशात तो डाव्या हाताला आहे. या नकाशावर बरीच शाई खर्च झालेली आहे, येथे त्यात भर घालण्याचे कारण नाही.

पैसा आणि मृत्यू यांच्या बाबतीत मात्र एक दिशा दिसते. १९०० चा ओझ हा धोक्यांचा, कष्टांचा, बाजारहाट असलेला प्रदेश आहे. १९१० पर्यंत तो आदर्श राज्य झाला आहे. बाउमला त्या प्रदेशातून प्रथम दारिद्र्य व नंतर मरण वजा करावयाचे होते. जे पूर्वी लिहून गेले ते वजा करता येत नाही, म्हणून विरोध उरतो. येथील विरोध हा लेखकाच्या विचारविकासाचा माग आहे. पुस्तके एकत्र करून ‘ओझमध्ये पैसा होता काय’ असा प्रश्न विचारणारा अभ्यासक हा मागच पुसून टाकतो.

आता ज्या स्थळासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. पहिल्या पुस्तकात लाकूडतोड्या आपली कहाणी सांगतो. एका मंचकिन मुलीवर त्याचे प्रेम होते, चेटकिणीने त्याची कुऱ्हाड मंतरली, एकेक अवयव तुटत गेला, पत्र्याचे शरीर आले आणि हृदय गेले तेव्हा प्रेमही गेले. हृदय मिळाले की आपण परत जाऊन तिच्याशी लग्न करू असे तो म्हणतो. त्याला हृदय मिळते. तो परत जात नाही. विंकी लोकांचा राजा होतो आणि पुढील अनेक पुस्तकांत चकाकत फिरतो. अठरा वर्षे त्या मुलीचे नाव कोणी काढीत नाही. तिला नावच नसते.

१९१८ मध्ये वूट नावाचा एक भटका मुलगा त्याच्या दरबारात येतो, कहाणी ऐकतो आणि विचारतो की, हृदय मिळाल्यावर आपण तिच्याकडे गेला का नाहीत? लाकूडतोड्याचे उत्तर असे की, जादूगाराने दिलेले हृदय दयाळू होते, प्रेमळ नव्हते. उत्तर उघडच ओढूनताणून आणलेले आहे, आणि बाउमलाही ते ठाऊक असावे, कारण वूट तेवढ्याने गप्प बसत नाही. दयाळू असाल तर तिच्याकडे जाणे हे तुमचे कर्तव्यच ठरते, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. सर्वजण तिच्या शोधात निघतात. निम्मी एमी हे तिचे नाव आता प्रथमच कळते. (ती कोणाकडे कामाला होती, म्हातारीकडे की खुद्द चेटकिणीकडे, याविषयी १९०० आणि १९१८ यांत पुन्हा विरोध आहेच!) ती सापडते तेव्हा विवाहित असते. तिचा नवरा लाकूडतोड्याच्या आणि त्याच्याचसारख्या पत्र्याच्या बनलेल्या एका शिपायाच्या तुटलेल्या अवयवांतून जोडलेला आहे. तिला दोघांपैकी कोणीही नको असतो.

वूट हा कथेत शिरलेला बालवाचक आहे, असे माझे मत आहे. संहितेत राहिलेली भेग त्याने दाखविली आणि निवेदकाने ती न बुजविता तिच्यातून एक अख्खे पुस्तक काढले. त्या पुस्तकाचा शेवटही भेग बुजवीत नाही. उशीर झाला तो झाला. १९०८ मध्ये जे धैर्य बाउमने जादूगाराच्या बाबतीत दाखविले नाही, ते १९१८ मध्ये लाकूडतोड्याच्या बाबतीत दाखविले.

टोटोचे प्रकरण याचेच हलके रूप होय. ओझमध्ये प्राणी बोलतात. बाहेरच्या जगातून आलेली कोंबडी, मांजर, घोडा असे सारेच बोलू लागतात, पण डोरोथीचा कुत्रा गप्प. १९१४ च्या ‘टिक-टॉक ऑफ ओझ’च्या अखेरीस डोरोथी त्याला याविषयी विचारते आणि तो बोलतो. त्याला पूर्वीपासूनच बोलता येत होते, त्याने ते मनावर घेतले नव्हते, एवढेच.

ही सोय बाउमला ज्या निवेदनतंत्रामुळे मिळाली त्याची नोंद घ्यावयास हवी. मालेच्या उत्तरार्धात तो स्वतःला लेखक न म्हणता ओझचा राजनियुक्त इतिहासकार म्हणवितो. १९१० मध्ये संपर्क तुटल्यावर नवी कथा कशी मिळणार? १९१३ च्या प्रस्तावनेत तो सांगतो की, एका बालवाचकाने बिनतारी तारायंत्राचा उपाय सुचविला आणि बातमी पुन्हा येऊ लागली. इतिहासकाराच्या भूमिकेमुळे विरोधाची जात बदलते. कर्त्याचा दोष हा साधनांचा मतभेद बनतो. आपल्या बखरींचे वाचन ज्याने केले आहे त्याला हे परिचित वाटेल. तथापि बाउम ही भूमिका केवळ प्रस्तावनेत मिरवितो, साधनांची चिकित्सा कधीच करीत नाही.

ते काम टॉल्कीनने केले. ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांची पैज हरल्यावर अंगठी बक्षीस देण्यास तयार असतो. पुढील बृहत्कथेत तीच अंगठी सर्वनाशक ठरल्यावर हे प्रकरण टिकणारे नव्हते. १९५१ च्या आवृत्तीत टॉल्कीनने ते पुन्हा लिहिले, आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या उपोद्घातात खुलासा केला की, पहिली हकीकत बिल्बोने स्वतःच रचलेली होती आणि काही प्रतींत ती तशीच राहिली. दोन आवृत्त्यांतील फरक हा पात्राच्या असत्यकथनाचा पुरावा झाला, आणि ते असत्य अंगठीच्या दुष्प्रभावाचे पहिले लक्षण. पाठभेदालाच कथेत सामावून घेण्याचे याहून नेटके उदाहरण मला आढळलेले नाही. पण येथे एक फरक विसरू नये : टॉल्कीन भाषाशास्त्रज्ञ आणि जुन्या संहितांचा अभ्यासक होता, बाउम पत्रांच्या ढिगाऱ्यापुढे बसलेला व्यावसायिक लेखक.

सी. एस. लुईसच्या नार्निया मालेत (१९५०–१९५६) विरोध निवारण्याचे काम अखेर प्रकाशकाने अंगावर घेतले. १९५० च्या पहिल्या पुस्तकात चेटकीण लिलिथ आणि राक्षस यांच्या वंशातली आहे आणि नार्नियात माणूस ही जवळजवळ ऐकीव गोष्ट आहे. १९५५ मध्ये आलेल्या, नार्नियाच्या उत्पत्तीची कथा सांगणाऱ्या पुस्तकात तीच चेटकीण चार्न नावाच्या दुसऱ्याच जगाची राणी आहे आणि नार्नियाचे पहिले राजाराणी लंडनचा टांगेवाला व त्याची पत्नी हे आहेत. १९९४ मध्ये हार्परकॉलिन्सने पुस्तकांचे क्रमांक घटनाक्रमानुसार बदलले. एका बालवाचकाला १९५७ मध्ये लिहिलेल्या पत्रात लुईसने घटनाक्रमाला अनुकूलता दर्शविली होती, हा त्याचा आधार. वाचनाचा हा क्रम घेतला की विरोध नाहीसा होत नाही, मात्र तो उलटा होतो. पूर्वी उत्पत्तिकथा पहिल्या पुस्तकाला छेद देत होती, आता पहिले पुस्तक उत्पत्तिकथेला छेद देते. शिवाय बर्फातला एकटा दिवा तेथे का, हे वाचकाला आधीच ठाऊक होते आणि त्या दिव्याचे गूढ संपते. सुसंगतीसाठी दिलेली ही किंमत मला जास्त वाटते.

बालसाहित्य हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकविताना प्रकाशनक्रमाचा आग्रह धरावा तो यासाठीच. विद्यार्थी बहुधा घटनाक्रमाची सारणी करून आणतात, आणि सारणीत न बसणारा मजकूर ‘लेखकाची चूक’ या रकान्यात जातो. त्या रकान्यातील नोंदी प्रकाशनवर्षांच्या क्रमाने लावून पाहिल्या की ओझ्माची तीन कुळे एका ओळीत येतात : १९०४ नाटकाचे, १९०८ पत्रांचे, १९१८ आदर्श राज्याचे. संक्षिप्त आवृत्त्या काढणाऱ्यांनी आणि अनुवादकांनी असे विरोध परस्पर मिटवू नयेत. तसे केले तर वूटचा प्रश्न निरर्थक होतो, कारण लाकूडतोड्या परत का गेला नाही हे संक्षेपकाराने आधीच सांगून टाकलेले असते.

बाउमनंतर रूथ प्लमली थॉम्प्सन यांनी १९२१ पासून माला पुढे चालविली आणि १९२५ मध्ये ‘द लॉस्ट किंग ऑफ ओझ’ लिहून पास्टोरियाचा शोध लावला. ओझ्माला वडील परत मिळाले. ल्यूर्लिनच्या परीला वडील कसे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. आणि टिप? नऊदहा वर्षांचा, मॉम्बीच्या घरी राबलेला, भोपळ्याच्या डोक्याचा माणूस घडविणारा हा मुलगा १९०४ च्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणांत, आपल्याला मुलगी व्हायचे नाही असे सांगत, नाइलाजाने राजी होतो. त्यानंतर ओझ्मा राज्य करते आणि त्याच्या बाजूने विचारणारा वूट पुढच्या बारा पुस्तकांत कोणी येत नाही.